१९९५ ला लातूरनं विलासरावांना का पाडलं? आणि ९९ ला डोक्यावर का घेतलं?

मांजराकाठ

विलासराव देशमुखांचा विषय निघाला की बोलणं त्यांच्या भाषणांवर जातं, नाहीतर २६/११ नंतरच्या राजीनाम्यावर. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली १९९५ ते १९९९ ही चार वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. तेव्हा ते ना आमदार होते ना मंत्री. लातूरनं त्यांना घरी बसवलं होतं, आणि त्याच लातूरनं नंतर त्यांना मुख्यमंत्रीपदापर्यंत नेलं. हे कसं घडलं, यावर इथल्या जाणत्या मंडळींनी लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधीचं थोडक्यात. जन्म २६ मे १९४५, बाभळगाव. लातूर शहराला लागून असलेलं गाव, पण तेव्हा जिल्हा उस्मानाबाद आणि राज्य निजामाचं. पुण्यात शिक्षण, वकिलीची पदवी, १९७४ ला गावचे सरपंच. मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, युवक काँग्रेस. १९८० ला शिवराज पाटील चाकूरकर लातूरची विधानसभा सोडून लोकसभेला गेले आणि ही जागा विलासरावांकडे आली. ८०, ८५, ९० अशा तीन निवडणुका त्यांनी ओळीनं जिंकल्या. ८२ ला बाबासाहेब भोसल्यांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. गृह, सहकार, कृषी, शिक्षण अशी खाती येत गेली. इकडे मांजरा साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे ९५ ला मत मागायला आलेला माणूस कुणी उपरा नव्हता, गावच्या सरपंचकीपासून पायरी-पायरीनं चढलेला होता.

समोर होते जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर. निकाल लागला आणि विलासराव सुमारे ३५ हजार मतांनी पडले.

दोन-तीन हजारांची हार असती तर बंडखोर, जातीचं गणित, कशावरही ढकलता आली असती. पस्तीस हजार म्हणजे गावंच्या गावं फिरली.

"तेव्हा लाटच होती" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. लाट होती, मान्य. युतीला १३८ जागा मिळाल्या, काँग्रेस ८० वर आली, अपक्षच ४५ निवडून आले. पण ती लाट शिवसेना-भाजपची होती. जनता दलाला सगळ्या राज्यात मिळून ११ जागा मिळाल्या, आणि त्यातली एक लातूरची. वाऱ्यावर गेलेलं मत धनुष्यबाणावर किंवा कमळावर पडलं असतं. लातूरच्या माणसानं शोधून चक्रावर, म्हणजे जनता दलाच्या चिन्हावर, शिक्का मारला, म्हणजे ठरवून मारला.

पुढच्या वर्षी ते विधान परिषदेला अपक्ष उभे राहिले, शिवसेनेच्या पाठिंब्यावर. तिथं अर्ध्या मतानं पडले. मग पुन्हा काँग्रेस. ९९ ला पक्ष फुटलेला, शरद पवारांची राष्ट्रवादी वेगळी लढलेली, आणि तरी लातूरमधून विलासराव जवळपास ९१ हजारांच्या फरकानं निवडून आले. १८ ऑक्टोबर १९९९ ला मुख्यमंत्रीपदाची शपथ.

माझं मत असं: ९५ चा पराभव ही त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट होती. मंत्रिपदामुळे मतदारसंघ आणि आमदार यांच्यात जो अंतराय पडतो, तो मतदारांनी एका फटक्यात दूर केला. तुम्हाला काय वाटतं? त्या निवडणुकीत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी तर जरूर लिहा.

गंजगोलाई

धाग्याबद्दल मनापासून आभार. वाचतोय.

तावरजा

दादा, लै चांगला विषय काढलाव. त्या साली मी आमच्या गावात बूथच्या भाईर काँग्रेसच्या टेबलावर व्हतो, चिठ्ठ्या द्यायला. निवडनूक आयोगाच्या शेषन सायबाचा असा दरारा की भित्ती रंगवायच्या न्हाईत, रात्री भोंगा न्हाई, जीपा किती लावल्या त्येचा बी हिशेब. त्यामुळं इलेक्शन वरून थंड दिसायलालतं. आमाला वाटलं थंड हाय म्हंजे आपलंच हाय.

टेबलावर गर्दी तर आमच्याच. लोक यायचे, यादीत नाव बघायचे, आमच्याकडूनच चिठ्ठी घ्यायचे, आमचाच च्या प्यायचे अन् आत जाऊन चक्रावर शिक्का. दुपारपर्यंत कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. शेजारची एक म्हातारी मात्र तोंडावर बोलली. मला म्हनली, "लेकरा, साहेब आता मोठा मानूस झालाय. त्याला आपली गरज न्हाई. त्याला जरा घरी बोलवू." रागानं न्हाई बरं का. पोराला परगावाहून बोलवावं तसं म्हनली.

साहेबाबद्दल लोकायला राग नव्हताच. राग व्हता मधल्या लोकांवर. ऊसाची नोंद लावायची तर ह्यांच्या दारात, तोड मिळवायची तर ह्यांच्या दारात, पोराच्या बदलीसाठी ह्यांच्याच दारात. एका कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हंजे ऊसतोडीची चिठ्ठी देनाऱ्याच्या, मागं माझा बाप संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत फिरला. उभा ऊस वाळला. कारखान्याचं नाव घेत न्हाई, पर तसं सगळीकडंच व्हतं.

तेरणा

तावरजा, तुमच्या त्या म्हातारीचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. निवडणुकीचं इतकं नेमकं विश्लेषण मी वर्तमानपत्रात वाचलं नाही.

मांजराकाठ, एक गोष्ट जोडते. लातूरनं काँग्रेसच्या बाहेर जाणं ९५ ला नवीन नव्हतं. १९६७ ला समाजवादी बापूसाहेब काळदाते याच लातूरमधून आमदार झाले होते. १९७७ ला लातूर लोकसभेवर शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) भाई उद्धवराव पाटील निवडून गेले. शेकाप, समाजवादी, नंतर जनता दल, ही धार आपल्याकडे कायम होती. शाळामास्तर, वकील, मोंढ्यातले काही आडते, हमाल-मापाडी यांच्यात ती जिवंत असायची. काँग्रेस भक्कम असली की ही धार दिसत नाही, काँग्रेसवर नाराजी झाली की मतं कुठं जायची हे लोकांना आधीच माहीत असतं. म्हणून मराठवाड्यात इतरत्र सेना वाढली तशी ती लातूर शहरात त्या वेळी थेट शिरली नाही. नाराजीला जुनं घर होतं.

बाकी मराठवाड्यात त्या निवडणुकीवर नामांतराचीही छाया होती. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि सेनेनं विरोधाचं राजकारण गावागावांत नेलं. आणि आमच्या भागात किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. औसा, उमरगा, लोहारा भागात हजारो माणसं गेली. ९५ ला मतदान झालं तेव्हा बरीच कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्येच राहत होती. पुनर्वसनाचं काम मोठं झालं, पुढे त्याचं कौतुकही झालं, पण शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेल्या माणसाला सरकार म्हणजे कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. किल्लारी लातूर विधानसभेत येत नव्हतं, पण लेकी-सुना, सोयरे सगळे इकडून तिकडे दिलेले.

नवमतदार_लातूर

माझा जन्मच ९९ नंतरचा, त्यामुळे हे सगळं नवीन आहे. एक प्रश्न: अर्ध्या मतानं पडले म्हणजे नेमकं काय? आमदार अर्धं मत कसं देतो? आमच्या घरी सगळे हे सांगतात पण समजावून कुणी सांगत नाही.

मोजणीटेबल

बाळा, चांगलं विचारलंस. निवडणुकीच्या ड्युट्या करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सविस्तर सांगतो.

विधान परिषदेच्या काही जागा आमदार निवडून देतात. तिथं मतपत्रिकेवर शिक्का नसतो, पसंतीचे आकडे लिहायचे असतात: १, २, ३. एकापेक्षा जास्त जागा भरायच्या असल्या की प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. इथूनच अपूर्णांक सुरू होतात.

उदाहरण अलीकडचं घेऊ. जुलै २०२४ च्या निवडणुकीत ११ जागा होत्या आणि मतदान करणारे आमदार २७४. सगळी मतं वैध धर. एकूण मूल्य २७,४००. त्याला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे १२ नं भागायचं. अपूर्णांक सोडून २,२८३ येतात, त्यात १ मिळवायचा. २,२८४ हा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य. मतांच्या भाषेत २२.८४.

आता एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची २५ मतं पडली. त्याचं मूल्य २,५००. कोट्यापेक्षा २१६ जास्त. हे जास्तीचं वाया जात नाही, त्या २५ पत्रिकांवर ज्याला दुसरी पसंती आहे त्याच्याकडे जातं. २१६ भागिले २५ केले, उरलेलं सोडलं, की प्रत्येक पत्रिकेचे ८ येतात. म्हणजे त्या आमदाराची दुसरी पसंती ०.०८ मत झाली. शेवटच्या जागेसाठी दोन उमेदवार घासून असले की निकाल अशा तुकड्यांवर लागतो. मूल्यात पन्नास-साठचा फरक म्हणजे अर्ध्या मताच्या आसपास.

म्हणून या निवडणुकीत नुसते आमदार जमवून भागत नाही. कुणी पहिली पसंती कुणाला द्यायची आणि दुसरी कुणाला, हे कागदावर बसवावं लागतं. एखाद्यानं दुसरी पसंती लिहिलीच नाही तरी हिशेब बिघडतो. शिवाय मतदान गुप्त. राज्यसभेला २००३ पासून आमदार आपली पत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, विधान परिषदेला तसं नाही. त्यामुळे कुणाचं मत फुटलं ते कधीच सिद्ध होत नाही. २० जून २०२२ ला काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे असेच पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेच्या वाटेला लागले.

नवमतदार_लातूर

काका, इतकं सोपं करून सांगितलंत! ०.०८ मत. आता आजोबांना मी समजावून सांगतो.

बालाघाट

+१ मोजणीटेबल. हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

मला या अर्ध्या मताबद्दल वेगळं म्हणायचं आहे. ते अर्धं मत पडलं असतं तर विलासराव ९६ ला शिवसेनेच्या पाठिंब्यानं आमदार झाले असते. मग ९९ ला काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षाचे नेते म्हणून त्यांचं नाव पुढे कसं आलं असतं? माझ्या मते मुख्यमंत्रीपद ९५ च्या पराभवानं नाही, या पराभवानं दिलं.

मांजराकाठ

बालाघाट, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो मुंबईतला हिशेब झाला. दार उघडं राहिलं ते अर्ध्या मतामुळे, हे खरं. त्या दारातून आत जायला जी ताकद लागली ती लातूरच्या ९१ हजारांतून आली. ९९ ला काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. दोन पक्ष एकमेकांविरुद्ध लढून मग एकत्र बसलेले. राष्ट्रवादीच्या नेत्यांसमोर बसायला काँग्रेसला असा माणूस हवा होता की ज्याच्या स्वतःच्या मतदारसंघावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. काठावर निवडून आलेला असता तर त्यांचं नाव मागे पडलं असतं असं मला वाटतं.

गोदातीर

सगळं छान चाललंय, पण मी नांदेडकडचा आहे, मला थोडं कडू बोलू द्या.

दोन कार्यकाळ मिळून सात वर्षांहून अधिक मुख्यमंत्रीपद लातूरला मिळालं. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव, मराठवाड्यानं चार मुख्यमंत्री दिले. त्यातले दोन एकट्या लातूर जिल्ह्याचे. आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. कारखाने वाढले, ऊस वाढला, आणि ऊसाला पाणी किती लागतं हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. आमदार म्हणून, मुख्यमंत्री म्हणून एखाद्याचं मोजमाप करायचं तर मतांच्या फरकाबरोबर हेही धरा.

आणि खामगावचं सावकारी प्रकरण. एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्याची तक्रार होती आणि मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन गेला. डिसेंबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला दहा लाखांचा दंड केला. शेतकरी आत्महत्या करत होते त्या काळातली गोष्ट आहे ही. मी ती विसरू शकत नाही.

तेरणा

गोदातीर, खामगावच्या बाबतीत तुमच्या शब्दाला शब्द. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्या प्रकरणाचं समर्थन मी कधी केलं नाही, करणार नाही.

पाण्याबद्दल मात्र पूर्ण चित्र मांडू. मांजरेवर बॅरेज बांधण्याचं काम त्यांच्याच काळात पुढे गेलं. साई, नागझरी ही नावं लातूरच्या प्रत्येक घरात माहीत आहेत, शहराला त्याचा आधार आहे. नदीकाठच्या गावांत विहिरींना पाणी टिकलं. पण बॅरेजमध्ये अडवलेलं पाणी कुठल्या पिकाला जातं, यावर कुणी हात घातला नाही. कारण ऊस लावणारा मतदार होता आणि ऊस घेणारा कारखाना नेत्याचा होता. इथं दोष एका माणसाचा नाही असं म्हणून मी सोडून देणार नाही. ज्याच्या शब्दाला जिल्ह्यात वजन होतं त्यानंच तो शब्द टाकायला हवा होता. तूर, सोयाबीन, करडई यांना ठिबक आणि भाव मिळाला असता तर लातूरचा मोंढा आज आहे त्याहून मोठा असता.

तावरजा

ताई, खरं हाय. पर ज्याच्या रानात पाच एकर ऊस हाय त्याला इचारा, तो म्हनंल तुरीवर पोरीचं लगीन होत न्हाई. ऊसाचा पैसा उशिरा का होईना पर येतो. तुरीचा भाव तर आपन पेरून उगवूस्तवर पडलेला असतो.

९९ चं सांगतो. कार्यकर्ता बदलला व्हता. ९५ च्या आधी गावात येनारा जीपमधून खाली उतरत नव्हता, काच खाली करून "काय म्हनतंय गाव?" एवढं इचारून पुढं. ९९ ला तोच पारावर मांडी घालून बसला. कुनाची कर्जाची अडचन, कुनाच्या डीपीचं जळालेलं ट्रान्सफॉर्मर, सगळं वहीत लिहून घेऊलालते. ज्या घरानं ९५ ला चक्राला मत दिलं त्या घरी मुद्दाम गेले. तुमी का दिलं न्हाई असं कुनी इचारलं न्हाई. ती म्हातारी बी ९९ ला हाताला मत देऊन आली. मला म्हनली, "आला बग घरी."

बालाघाट

आता पुढचं पण बघायला हवं. २००९ ला लातूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन मतदारसंघ झाले. जुन्या रेणापूर मतदारसंघाचा, म्हणजे गोपीनाथ मुंडेंच्या मतदारसंघाचा, काही भाग लातूर ग्रामीणमध्ये आला. शहरातून अमित देशमुख २००९ पासून निवडून येताहेत. ग्रामीणमध्ये २०१९ ला धीरज देशमुख सव्वा लाखाच्या आसपास मतांनी जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकाला 'नोटा' होतं, साडेसत्तावीस हजार मतं! पाच वर्षांनी, २०२४ ला, तीच जागा थोडक्या मतांनी भाजपच्या रमेश कराडांकडे गेली. शहरात अमित देशमुखांचा फरक साडेसात हजारांच्या आत आला, समोर चाकूरकरांच्या सूनबाई अर्चनाताई. ज्या जागेवरून १९८० ला चाकूरकर गेले आणि विलासराव आले, तिथंच दोन घरांची ही लढत.

२०१९ चा तो निकाल मला धोक्याची घंटा वाटला होता. समोर दमदार उमेदवार नाही म्हणून साडेसत्तावीस हजार लोक 'नोटा'चं बटण दाबायला रांगेत उभे राहतात, तेव्हा ते घरी बसलेले नसतात. त्यांना काहीतरी सांगायचं असतं. ९५ च्या चक्रासारखंच.

मांजराकाठ

बालाघाट, 'नोटा'ची मतं एकट्या नाराजीची नव्हती, विरोधी पक्षाच्या जागावाटपावर चिडलेल्या कार्यकर्त्यांचीही होती. जागा शिवसेनेला सुटली होती आणि स्थानिक भाजपवाल्यांना ती हवी होती. तरीही तुमच्याशी मी सहमत आहे. निलंग्यानं २००४ ला माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना त्यांच्याच नातवाकडून, संभाजीरावांकडून पाडलं, आणि २००९ ला आजोबांना परत निवडून दिलं. आपल्या जिल्ह्यात मतदार नेत्याला कायमचं टाकत नाही आणि कायमचं बांधूनही घेत नाही.

गोदातीर, तुमचं कडू बोलणं मनावर घेतलं आहे. पाण्यावर वेगळा धागा काढू, तिथं तुम्ही सुरुवात करा.

आणि एक विनंती सगळ्यांना. या सगळ्या चर्चेत कव्हेकरांबद्दल आपण फार कमी बोललो. एका मंत्र्याला पस्तीस हजारांनी हरवणारा माणूस नुसता नाराजीवर निवडून येत नाही. त्यांचा प्रचार कसा होता, गावागावांत कोण फिरलं, पैसा कुठून आला, ९५ ते ९९ ही चार वर्षं आमदार म्हणून त्यांनी काय केलं? जनता दलाच्या बाजूनं काम केलेलं कुणी इथं आहे का?

तेरणा

आमच्या वडिलांचे दोन मित्र तेव्हा जनता दलाचं काम करत. एक औशाला असतात, एक आता पुण्यात मुलाकडे. दिवाळीत औशाला जाणार आहे, त्यांच्याशी बोलून इथंच लिहिते. तोवर तावरजांनी ९५ च्या मोजणीच्या दिवसाबद्दल लिहावं. तुम्ही टेबलावर होतात म्हणजे मोजणीलाही गेला असाल ना?

तावरजा

गेलो व्हतो ताई. लातूरला, आत पास नव्हता म्हनून भाईर रस्त्यावर. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या अन् आमच्या लोकायनी गुलालाची पोती परत टेम्पोत टाकली. बाकीचं उद्या लिवतो, आज रानात फवारनी हाय.